आजोबांच्या डब्यातली रोमन नाणी: घासायच्या आधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा व्यापारी जहाजावर होते आणि साठच्या दशकात इजिप्तच्या एका बंदरातून त्यांनी काही जुनी नाणी आणली होती. ती पत्र्याच्या डब्यात सापडली. एकूण अकरा: एक मोठं जाडजूड, एक साधारण आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं, बाकी नऊ अंगठ्याच्या नखाएवढी. त्यातलं एक तुम्ही चिंच-मीठ लावून घासलंत, ते लख्ख झालं आणि त्यावर लांडगी व दोन मुलं दिसली. आता बाकीची दहाही तशीच घासू का, ती खरी आहेत का, कोणाची आहेत आणि किंमत किती, असं तुम्ही विचारलंय.

आधी तातडीचं सांगतो. बाकीच्या दहांना चिंच लावू नका, लिंबू नाही, पितांबरीसारखी कुठलीही पावडर नाही, टूथपेस्टही नाही. जे घासलंय ते आजच डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला. गॅरेजमध्ये किंवा पेट्रोलपंपावर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालेल, फक्त बाटलीवर नीट वाचून घ्या, कारण शेजारीच ॲसिडच्या बाटल्या असतात. काचेच्या वाटीत ठेवा, रोज पाणी बदला आणि हे निदान दोन-तीन आठवडे करा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

इतकी घाई का, ते सांगतो. देवाची तांब्या-पितळेची उपकरणी आपण चिंचेनं घासतो, कारण आपल्याला खालचा धातू हवा असतो. चिंचेतलं आम्ल वरचा काळा-हिरवा थर विरघळवतं आणि धातू उजळतो. पण सोळाशे-सतराशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्यावर चित्र आणि अक्षरं धातूवर उरलेली नसतात. धातूचा वरचा भाग मातीतल्या ओलाव्यानं बदलून खनिज झालेला असतो, आणि सम्राटाच्या नाकाची रेघ, अक्षरांच्या कडा त्या खनिजाच्या थरातच टिकलेल्या असतात. तो थर काढला की अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. उरतो तो खड्ड्याखड्ड्यांचा गुलाबी तुकडा.

त्याहून वाईट म्हणजे मीठ. तांब्याच्या मिश्रधातूचा खरा शत्रू म्हणजे मिठातलं क्लोराइड. ते नाण्याच्या आत शिरून बसतं आणि हवेतला ओलावा मिळाला की पुन्हा पुन्हा धातू खात राहतं. वरवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येते, पुसली की खाली खड्डा दिसतो आणि आठवड्यानं परत भुकटी येते. इंग्रजीत याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, आमच्यात ‘नाण्याला रोग लागला’ असं म्हणतात. तुम्ही रत्नागिरीकडचे, म्हणजे पावसाळ्यात घरातली हवा किती दमट असते ते तुम्हाला मी सांगायला नको. चिंचेपेक्षा मीठच बाहेर काढायचं आहे, म्हणून ते पाणी आजच.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. मी या कामात नवीन होतो तेव्हा दोन शिपाई आणि मध्ये ध्वज असलेलं एक छोटं नाणं मला मिळालं होतं. खालची अक्षरं अर्धवट दिसत होती, ती पूर्ण वाचायची म्हणून रात्रभर लिंबाच्या रसात ठेवलं. सकाळी शिपाई गेले होते, अक्षरं गेली होती. कुठल्या टाकसाळीचं ते आता कधीच कळणार नाही. ते नाणं मी अजून जपून ठेवलंय आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी तेच देतो.

आता हिरव्या रंगाबद्दल. सगळा हिरवा रंग वाईट नसतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. गुळगुळीत, घट्ट, चकचकीत हिरवा, तपकिरी किंवा काळपट थर म्हणजे नाण्याचं कवच आहे, त्याला हात लावायचा नाही. नखानं खरवडलं तरी निघत नाही तो थर चांगला. बोटाला लागते ती फिकट भुकटी वाईट. शंका असेल तर नाणं एका घट्ट झाकणाच्या डबीत, शेजारी ओला कापूस ठेवून (नाण्याला न लागेल असा) दोन दिवस ठेवा. नवे फिकट ठिपके उठले तर रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा.

तुमच्या फोटोंवरून मला जे दिसतं ते आता एकेक करून सांगतो.

मोठं नाणं. तुम्ही वजन २४ ग्रॅम आणि व्यास ३२ मिलिमीटर कळवलात, त्यानं काम सोपं झालं. हे सेस्टर्शियस आहे. आणि हे ब्राँझ नाही, पितळ आहे. मराठीत आपल्याकडे तांबं, पितळ, कासं असे तीन वेगळे शब्द असताना आपण नाण्यांच्या बाबतीत सरसकट ‘ब्राँझ’ म्हणतो, आणि रोमन लोक तर या बाबतीत फार काटेकोर होते. सम्राट ऑगस्टसनं इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या शेवटी चलनाची घडी बसवली, तेव्हा सेस्टर्शियस आणि त्याच्या निम्म्या किमतीचं दुपाँडियस ही पितळेची ठेवली, आणि आस व क्वाड्रन्स ही खालची नाणी तांब्याची. पितळाला ते ओरिकॅल्कम म्हणत. तेव्हा धातूच्या रूपात जस्त वेगळं काढता येत नसे. म्हणून तांबं, जस्ताचा दगड आणि कोळसा बंद मुशीत तापवायचे, जस्ताची वाफ तांब्यात मुरायची. नवं सेस्टर्शियस सोन्यासारखं पिवळं दिसत असणार.

हिशेब असा होता: सोन्याच्या एका ऑरियसचे २५ चांदीचे डिनेरियस, एका डिनेरियसचे ४ सेस्टर्शियस, ८ दुपाँडियस किंवा १६ आस, आणि एका आसचे ४ क्वाड्रन्स. किंमत पोटात उतरावी म्हणून एक उदाहरण देतो. पाँपेईच्या एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर दर लिहिलेला सापडला आहे: एक आस दिलात तर साधी वाइन, दोन दिलेत तर बरी, चार दिलेत तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळातली उंची वाइन. म्हणजे तुमच्या त्या एका मोठ्या नाण्यात एका माणसाची उंची वाइन यायची. ऑगस्टसच्या काळात सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाला ९०० सेस्टर्शियस पगार होता.

आणि हे नाणं आपल्या इतिहासात एका वेगळ्या वाटेनं येतं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं तक्रार केली होती की हिंदुस्थान दर वर्षी रोमन साम्राज्याकडून पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो. पुष्कळांना वाटतं की ही पितळी नाणी पोत्यांनी इकडे येत होती. तसं नाही. सेस्टर्शियस हे त्यांचं हिशेबाचं माप होतं, आपण आज कोटी रुपये म्हणतो तसं. प्रत्यक्षात जहाजातून आलं ते सोनं आणि चांदी, आणि ते मुख्यतः दक्षिणेत सापडतं. आपल्याकडे सातवाहनांची शिशाची, पोटीनची (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रणाची), तांब्याची स्वतःची सुट्टी नाणी होतीच, त्यामुळे परदेशी पितळी सुट्ट्याची बाजाराला गरज पडली नसावी असं मला वाटतं. म्हणून कोणी महाराष्ट्रात ‘शेतात सेस्टर्शियस सापडलं’ असं सांगितलं, तर मी आधी नाण्याकडे नाही, त्या गोष्टीकडे संशयानं बघतो. तुमचं नाणं बंदरातून विकत आणलेलं आहे, ते साधं आणि पटणारं आहे.

कोणाचं ते पाहू. चेहरा उजवीकडे पाहणारा, दाढीवाला. रोमन सम्राटांत दाढीची चाल पडली ती हेड्रियनपासून. तुमच्या फोटोत डोक्याच्या डावीकडे आर-आय-ए-एन-व्ही-एस अशी अक्षरं दिसतात. लॅटिन शिलालेखात ‘यू’ हे ‘व्ही’सारखंच कोरतात, तेव्हा ते ‘हेड्रियानुस’चं शेपूट आहे. उजवीकडे सी-ओ-एस, मग तीन उभ्या रेघा आणि त्यापुढे पी-पी. सीओएस म्हणजे कॉन्सल, रोममधलं एक सर्वोच्च पद, तीन रेघा म्हणजे तिसऱ्यांदा. हेड्रियन तिसऱ्यांदा कॉन्सल झाला इसवी सन ११९ मध्ये आणि त्यानंतर कधीच झाला नाही, त्यामुळे एवढ्यावर काही ठरत नाही. पण पी-पी म्हणजे पातेर पात्रिये, राष्ट्रपिता, हा किताब त्यानं १२८ मध्ये घेतला आणि तो १३८ मध्ये वारला. म्हणजे नाणं त्या दहा वर्षांतलं. रोमन नाणं वाचायला शिकायचं ते असंच. सम्राटाचं नाव ही सुरुवात असते, तारीख किताबांत दडलेली असते.

मागच्या बाजूला उभी बाई आणि दोन बाजूंना दोन मोठी अक्षरं, एस आणि सी. सेनातुस कॉन्सुल्तो, ‘सेनेटच्या ठरावानं’. ही दोन अक्षरं रोममध्ये पाडलेल्या पितळ-तांब्याच्या नाण्यांवर पिढ्यान्पिढ्या दिसतात, सोन्याचांदीवर सहसा नाहीत. बाईच्या हातातल्या वस्तू झिजल्यात, त्यामुळे ती कोणती देवता हे फोटोवरून सांगणार नाही. हातात फांदी आहे, तराजू आहे की समृद्धीचं शिंग, हे भिंगातून बघा, नाणं तिरक्या उजेडात धरून. सरळ उजेडात झिजलेलं नाणं मुकं असतं, बाजूनं टॉर्च मारला की बोलायला लागतं.

खरं की खोटं? कडेला जी बारीक भेग दिसते तिनं मला बरं वाटलं. ही नाणी हातानं पाडत. तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. धातू बाहेरच्या बाजूला पसरतो, काठ फाटतो. साच्यात ओतलेल्या नकलेत असं होत नाही. तिथे काठावर जोडाची रेघ असते, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ झालेल्या असतात. काठ गोल फिरवत भिंगातून बघा. कुठे घासून सपाट केलेली रेघ दिसली तर कळवा. बंदरांवर पर्यटकांना आणि खलाशांना नकला विकल्या जात, हे खरंच आहे. सेस्टर्शियसच्या नकला तर सोळाव्या शतकापासून होतात, इटलीतल्या पादुआचा जोव्हान्नी दा काव्हिनो असे ठसे कोरण्यात इतका पटाईत होता की त्याच्या कामाला आता स्वतःची किंमत आहे. तरी फोटोवरून ‘खरं’ असा दाखला मी कधीच देत नाही. हातात घेतल्याशिवाय देऊही नये.

दुसरं, दहाच्या नाण्याएवढं. इथे तुमच्या आजोबांनी इजिप्तमधून आणलं या गोष्टीला नाण्यावरच पुरावा आहे, आणि ते बघून मला मनापासून आनंद झाला. मागच्या बाजूला एक उघडा पुरुष उभा आहे, एका हातात ताट, दुसऱ्या हातात समृद्धीचं शिंग. भोवतीचा लेख ‘गेनियो पोपुली रोमानी’, रोमन जनतेच्या रक्षक देवाला. पायाखाली रेघेच्या खाली तीन अक्षरं: ए-एल-ई. अलेक्झांड्रियाची टाकसाळ. सम्राट डायोक्लेशियननं इसवी सन २९४ च्या सुमारास चलन नव्यानं उभं केलं तेव्हाचं हे नाणं. संग्राहक त्याला फॉलिस म्हणतात.

मधल्या काळात काय झालं ते एका परिच्छेदात सांगतो, नाहीतर नऊ छोटी नाणी कळणार नाहीत. तिसऱ्या शतकात चांदीच्या नाण्यातली चांदी कमी होत होत नुसता मुलामा उरला, भाव वाढले, आणि सम्राट गॅलिएनसच्या काळानंतर (तो २६८ मध्ये मारला गेला) सेस्टर्शियस चलनातून संपलं. त्याच्या धातूची किंमत नाण्यापेक्षा जास्त झाली होती. सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये, मग डायोक्लेशियननं घडी बसवायचा प्रयत्न केला. ३०१ मध्ये त्यानं वस्तूंचे कमाल भाव ठरवणारा हुकूम दगडावर कोरून लावला, तोही टिकला नाही. तुमचं फॉलिस साधारण दहा ग्रॅमचं होतं, पंचवीस वर्षांत त्याच जातीचं नाणं तीन ग्रॅमवर आलं.

एक काळजी घ्या: या फॉलिसवर जिथे राखाडी, चंदेरी डाग दिसतात ती घाण नाही. धातूत थोडी चांदी मिसळलेली असे आणि नवं नाणं पांढरं दिसावं म्हणून ती पृष्ठभागावर आणत. त्या पातळ थराचा जो अंश उरलाय तो ब्रशच्या एका फटक्यात जातो. याला फक्त पाण्यात भिजवा आणि मऊ कापडावर टिपा. बस.

आता नऊ छोटी. यातली दोन मला फोटोत नीट दिसतात. एकावर दोन शिपाई आणि मध्ये ध्वज, ‘ग्लोरिया एक्झेरकितुस’, सैन्याचा गौरव. दोन ध्वज असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर त्यानंतरचं, इतकी सोपी कसोटी रोमन नाण्यांत क्वचित मिळते. दुसऱ्यावर घोड्यावरून पडणारा स्वार आणि त्याला भाल्यानं भोसकणारा शिपाई. हा ३४८ नंतरचा ‘फेल तेंप रेपारातियो’ प्रकार, सुखाचे दिवस परत आले अशा अर्थाचा. लेख पूर्ण नसला तरी चालेल, चित्रावरून ओळखता येतो.

आणि लांडगी. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवता, ‘उर्ब्स रोमा’ लेख. दुसऱ्या बाजूला रोम्युलस आणि रेमसला, म्हणजे दंतकथेतल्या रोमच्या जुळ्या संस्थापकांना, पाजणारी लांडगी, वर दोन तारे. ११ मे ३३० रोजी कॉन्स्टंटाइननं कॉन्स्टँटिनोपल या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं, त्या सुमारास जुन्या शहरासाठी हे नाणं निघालं आणि नव्या शहरासाठी त्याच्याच जोडीचं, जहाजाच्या नाळेवर उभ्या विजयदेवतेचं. तुमच्या उरलेल्या सहांत ते जोडीचं नाणं निघालं तर मला नवल वाटणार नाही. लांडगीच्या बाजूला लेख नसतो, फक्त खाली टाकसाळीची अक्षरं असतात: टी-आर म्हणजे ट्रीर, एस-आय-एस म्हणजे सिस्किया, एस-एम-ए-एन अंतिओक, एस-एम-ए-एल अलेक्झांड्रिया, सी-ओ-एन-एस कॉन्स्टँटिनोपल. मागेपुढे एखादं जास्तीचं अक्षर असतं, ते टाकसाळीतल्या विभागाचं. ट्रीरपासून अलेक्झांड्रियापर्यंत डझनभर ठिकाणी एकच चित्र पाडायचे, आणि खोटं वजन निघालं तर कुठल्या टाकसाळीला धरायचं हे त्या चार अक्षरांवरून कळायचं.

अशी चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी तांब्याची नाणी मात्र भारतात खरोखर येत होती. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईकडे ती सापडली आहेत, श्रीलंकेत तर भरपूर, आणि तिथे त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. सोनं-चांदी संपल्यावर सुट्टे पैसे जहाजावर चढले, हा बदल मला या सगळ्या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. सोनं कोणीही धातू म्हणून घेतं. तांब्याचा चिल्लर घेतला जातो तो बाजारात रोज वापरायलाच.

बाकीच्या सहांवर माती आहे. ती काढायची असेल तर महिनाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मग भिंगाखाली बांबूची काडी टोकदार करून हळूहळू. टाचणी नको, सुई नको. माती भुसभुशीत होऊन सुटते, खालचा थर कडक लागतो, हाताला फरक कळतो. फरक कळला नाही तर थांबा. ऑलिव्ह तेलात सहा महिने ठेवा असं लोक सांगतात, मी ते सुचवत नाही. तेल आम्लयुक्त होत जातं आणि नंतर ते खळग्यांतून निघत नाही. काम झालं की कोरड्या कापडावर टिपून टेबललॅम्पच्या उबेत पूर्ण वाळवा. रोग लागलेल्या नाण्यावर घरी रसायनं वापरू नका, त्यासाठी वापरतात ते बेंझोट्रायझोल हे रसायन अंगाला घातक आहे, ते संवर्धन करणाऱ्यांच्या हाती सोपवा.

ठेवायला पत्र्याचा डबा नको, लाकडी खणही नको, लाकडातून आम्लाची वाफ येते. मऊ पीव्हीसीची पाकिटं तर अजिबात नकोत, ती नाण्यावर चिकट हिरवा थर सोडतात. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात, सगळी पाकिटं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेल. जूनच्या आधी जेल नवं करा.

किंमत. दोन हजार वर्षांचं म्हणजे लाखमोलाचं, असं नसतं. चौथ्या शतकातली छोटी नाणी लाखोंनी पाडली गेली आणि आजही भरपूर मिळतात, झिजलेली असतील तर स्वस्तच. फॉलिस त्याहून बरं. हेड्रियनचं सेस्टर्शियस खरं निघालं तर ते या डब्यातलं मोलाचं नाणं, पण मागची बाजू झिजलेली असल्यानं फार मोठी अपेक्षा धरू नका. विकायचा किंवा भावाबहिणींना परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांनी ते बाहेरून आणलं तरी हे लागू होतं असंच धरून चाला. मला विचाराल तर ही अकरा एकत्र ठेवा, आजोबांचं जहाज, बंदर, साल जे आठवतं ते एका कागदावर लिहून डब्यात घाला. एकेक करून फुटली की त्यांची गोष्ट संपते.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. हाताळून शिकायचं असेल तर तिथून सुरुवात करा. आणि सम्राटांची नाणी ताडून बघायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ओक्रे’ हा मोफत संग्रह आहे, लेखातली तीन-चार अक्षरं टाकली तरी तो शोधून देतो.

लांडगीचं नाणं पाण्यात घातलंत की पंधरा दिवसांनी मला तीन गोष्टी कळवा: वजन, खालची अक्षरं, आणि गुलाबी डागांवर फिकट हिरवं काही उठतंय का. तोवर बाकीची दहा पाकिटात असू द्या.